वजन न केलेलं नाणं

नलूताई सबनीसांकडे जानेवारीत जायचं म्हणजे अंगातला कोट काढायचा नाही, असा नियम होता. एरवी इकडे कुणाच्याही घरी गेलं की दारातच बूट, टोपी, हातमोजे, कोट असा सगळा संसार उतरवून ठेवावा लागतो. नलूताई दार उघडायच्या त्याच स्वेटरवर शाल आणि शालीवर वसंतरावांचं जुनं जाकीट चढवून, आणि म्हणायच्या, "असू दे रे, कोट राहू दे अंगात. फर्नेस बंद आहे. वजन करून राहिले मी."

बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसला लागूनच त्यांचं टेबल होतं आणि टेबलावर एक काटा, काचेच्या पेटीतला. पंखा सुरू झाला की जमीन थरथरते आणि काट्यावरचा शेवटचा आकडा नाचायला लागतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून बाहेर उणे वीस असलं तरी वजनाच्या दिवशी घर बंद भट्टीसारखं गार पडायचं. पाहुण्यांना चहा मिळायचा, तोही कपाला दोन्ही हात लावून प्यायला. मी एकदा धीर करून म्हटलं, "ताई, काटा वरच्या मजल्यावर नेऊ या का?" त्यावर त्या म्हणाल्या, "वर फ्रिज आहे. तो तर याहून वाईट."

काट्यावर जोखली जायची ती फ्रान्सची चांदीची नाणी, सातशे-आठशे वर्षांपूर्वीची. नागपूरची बाई, कॅनडातलं घर आणि फ्रान्सच्या राजाची नाणी, हा मेळ कसा जमला हे इथल्या मराठी मंडळात कुणालाच नीट सांगता येत नसे. बायका "त्यांना नाण्यांचा छंद आहे" म्हणून विषय संपवायच्या. छंद या शब्दाचा नलूताईंना राग होता. छंद म्हणजे तिकिटं चिकटवणं, असं त्या म्हणायच्या.

नलूताई रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. सत्तरच्या दशकात वसंतरावांबरोबर इकडे आल्या. वसंतराव ड्राफ्ट्समन होते. नलूताईंना एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. दगडात चांदी किती, हे काढायचं काम. तिथे रेमों नावाचे एक वयस्क सहकारी होते, घरी फ्रेंच बोलणारे. त्यांनी एकदा आजोबांच्या बटणांचा पत्र्याचा डबा आणला आणि यात काही चांदीचं आहे का बघ, म्हणून टेबलावर पालथा केला. बटणांत एक काळी पडलेली चकती होती, नखाएवढी आणि भाजलेल्या पापडासारखी पातळ. तिच्यावर एका बाजूला क्रूस होता. रेमों म्हणाले, ठेव तुलाच. त्या एका चकतीपायी नलूताईंनी अख्खा हिवाळा वाचनालयात काढला. "त्या हिवाळ्यात मी दोन गोष्टी शिकले," त्या सांगायच्या. "जुनी लॅटिन अक्षरं वाचणं आणि बर्फात गाडी चालवणं. गाडी अजून नीट येत नाही."

ती गाडी खरोखरच नीट येत नव्हती. मी त्यांच्या शेजारी एकदाच बसलो आहे.

त्यांची माझी ओळख झाली ती एका वाटीवरून. मी पुण्याहून इथल्या टेलिकॉम कंपनीत आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या आर्याचा पहिला वाढदिवस होता. सासूबाई मुद्दाम तिकडून आल्या होत्या आणि त्यांनी नातीसाठी चांदीची वाटी आणली होती. वाटी हातोहात फिरत नलूताईंपाशी पोचली. त्यांनी ती उलटी केली, नखानं टिचकी मारली, कानाशी धरली आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "पंच्याऐंशी टक्के असेल फार तर."

सासूबाई म्हणाल्या, "आमचा सोनार तीन पिढ्यांचा आहे."

"पिढ्या मोजल्या तुम्ही. वजन केलं का?" नलूताईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, खरोखरची चौकशी होती. सासूबाईंना ती चौकशी वाटली नाही. पण बाई जिद्दीच्या. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या नलूताईंच्या बेसमेंटमध्ये हजर झाल्या, वाटी पदराखाली धरून. नलूताईंनी वाटी आधी कोरडी जोखली, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून जोखली. चांदी आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं पाणी बाजूला सारते, आणि तांब्याची भेसळ असली तर जास्त सारते, एवढंच त्यातलं शास्त्र. ते त्यांनी सासूबाईंना इतक्या मन लावून समजावलं की परत येताना सासूबाईंचा राग सोनाराकडे वळला होता. निघाले ब्याऐंशी टक्के. पुण्यात गेल्यावर त्यांनी वाटी बदलून घेतली, आणि पुढच्या पार्सलमधून नलूताईंसाठी अर्धा किलो मेतकूट आलं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले गेले.

"वजन केलंस का?" हा प्रश्न त्या कशालाही लावायच्या. अमक्याचा मुलगा नापास झाला म्हणे, तमक्यांचं जमत नाही म्हणे, असं कुणी काही सांगायला लागलं की नलूताई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "वजन केलंस का?" माझी बायको अश्विनी फोनवर कुणाशी बोलताना अर्ध्यात थांबायची आणि म्हणायची, "जाऊ दे, नलूताई वजन विचारतील." आर्या मोठी झाल्यावर एका निबंधात तिनं सगळं इंटरनेटवरचं उतरवलं आणि नलूताईंना वाचून दाखवलं. त्यांनी तोच प्रश्न केला. घरी येताना पोरगी गाडीत फुरंगटून बसली. "बाबा, शी'ज सो ब्रूटल." पण निबंध तिनं पुन्हा लिहिला.

नाण्यांची किंमत मात्र त्यांच्यापुढे काढायची नाही. "याचे किती मिळतील?" असं विचारणाऱ्याला त्या घरात दुसरा चहा मिळत नसे.

फ्रान्सचा इतिहास त्या नात्यातल्या भाऊबंदकीसारखा सांगायच्या. आधी कितीतरी शतकं तिकडे चांदीचं एकच छोटं नाणं, दनिए. राजाही तेच पाडणार आणि गल्लीतला सरदारही तेच पाडणार. प्रत्येक जण थोडी चांदी काढून थोडं तांबं सारणार, आणि करता करता नाणं पार काळं पडलं. मग आला लुई राजा, ज्याला पुढे संत म्हणायला लागले. त्यानं मोठं, जवळजवळ शुद्ध चांदीचं नाणं काढलं, ग्रो. एका ग्रोला बारा दनिए. भोवती अक्षरांच्या दोन ओळी, मध्ये क्रूस, मागच्या बाजूला किल्ला आणि कडेनं लिलीची फुलं. "आणि राजाचं तोंड?" मी विचारलं होतं. "तोंड नाही. या लोकांनी बहुतेक नाण्यांवर तोंड दाखवलंच नाही. शहाणे होते," नलूताई म्हणाल्या. आजोबानं बसवलेली घडी नातवानं मोडली. फिलिप राजाला लढायांना पैसा हवा होता, म्हणून त्यानं नाण्यातली चांदी कमी करत नेली आणि नाव मात्र तेच ठेवलं. या फिलिपवर त्यांचा असा काही राग होता, की त्यानं सबनीसांचं शेत बळकावलं असावं असं वाटायचं.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एकदा त्यांना 'दहा मिनिटं बोला' म्हणून सांगितलं. त्याच वर्षी श्रीखंडही त्यांच्याकडे होतं. हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नाही, एवढं खरं.

शाळेच्या कॅफेटेरियात जेवणं. कूपन द्या, वाटी घ्या. पहिल्या रांगेला श्रीखंड असं मिळालं की चमचा उभा राहावा. दुसऱ्या रांगेला जरा सैल. तिसऱ्या रांगेला जे आलं ते पिताही आलं असतं. कूपन तेच. कुजबुज सुरू झाली. मग नलूताई माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "तक्रारी आल्यात. मान्य आहे. आता पुन्हा पहिल्यासारखं घट्ट श्रीखंड आणून राहिलो. फक्त एका वाटीला तीन कूपनं."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो मी मंडळात पुन्हा पाहिला नाही. ज्यांच्या हातात एकेकच कूपन उरलं होतं, ते सगळे अध्यक्षांकडे धावले. अध्यक्ष गरीब माणूस, दंतवैद्य. त्यांनी वॉशरूम गाठली आणि आतून कडी लावली. माइकवर नलूताई शांतपणे पुढे बोलतच होत्या. "पॅरिसमध्ये हेच झालं. हलक्या नाण्याला लोक कुरकुरले, पण दंगल केली नाही. दंगल झाली ती फिलिपनं चांगलं नाणं परत आणलं तेव्हा. घरमालक म्हणाले, भाडं आता चांगल्या नाण्यात द्या. म्हणजे एकदम तिप्पट! लोक चिडले आणि राजा एका गढीत जाऊन लपला. आपले अध्यक्ष कुठे आहेत?"

मग त्यांनी टेबलाखालून घट्ट श्रीखंडाची दोन पातेली काढली आणि सगळ्यांना फुकट वाढलं. मध्ययुगातल्या फ्रान्सवरचं व्याख्यान लोकांनी वाट्या चाटत ऐकलं. पुढल्या वर्षी गोडाचा पदार्थ दुसऱ्या कुणाकडे गेला.

वसंतराव या सगळ्यावर मनापासून हसत. जाडजूड, गोरा, मोठ्या आवाजाचा माणूस. नलूताई त्यांना नावानं हाक मारत, "वसंता" म्हणून, आणि जुन्या बायकांना सुरुवातीला ते जड गेलं होतं म्हणे. वसंतरावांची एकच बढाई होती. मला आजवर कुणी फसवलं नाही, असं ते गाडी घेताना, घर घेताना, अगदी भाजी घेतानाही सांगायचे.

मी नलूताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून त्यांच्या गळ्यात बारीक साखळीत एक नाणं असायचं. आमच्याकडे पुतळ्यांच्या माळेत असते तशी वर कडी होती. ते कुठलं, म्हणून मंडळातल्या कुणी विचारलं की "नवऱ्यानं दिलंय," एवढंच सांगून त्या विषय बदलायच्या. बाकीच्या नाण्यांबद्दल तासभर बोलणारी बाई याच्याबद्दल गप्प. मला त्याची गोष्ट कळली ती वसंतराव गेल्यावर. तोवर नलूताईंच्या डोळ्यांत मधोमध धूसर डाग धरला होता, आकडे दिसत नव्हते, आणि दर शनिवारी मी काट्यावरचा आकडा वाचून दाखवायला जाऊ लागलो होतो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वसंतराव ऑफिसचं काम सांगून एकटेच बसनं मॉन्ट्रियलला गेले. जुन्या वस्तूंच्या बाजारात एका टेबलावर त्यांना लुई राजाचा ग्रो दिसला. बायकोकडे दनिए ढीगभर होते, पण ग्रो एकही नव्हता. फ्रेंच वाक्य त्यांना एकच येत होतं, रेमोंकडून पाठ केलेलं. "से त्रो शेर." फार महाग आहे. त्यांनी ते म्हटलं आणि तो माणूस तिथल्या तिथे निम्म्यावर आला. वसंतरावांनी ही हकीकत पुढे नलूताईंना शंभरदा ऐकवली असेल.

"तो निम्म्यावर आला हे ऐकलं आणि मला तेव्हाच शंका आली," नलूताई मला म्हणाल्या. "पण ते नंतरचं. आधी मी डबी उघडली आणि मला कडी दिसली."

वसंतराव मॉन्ट्रियलहून थेट टोरोंटोला आपल्याकडच्या एका सोनाराकडे गेले होते. त्यांच्या आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची. नाणं म्हणजे गळ्यात घालायची वस्तू, हे त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. तेव्हा सातशे वर्षांच्या नाण्याला त्यांनी झकासपैकी वितळलेल्या धातूचा डाग देऊन कडी बसवून घेतली. नाण्यांच्या जाणकाराला हे म्हणजे पोथीला खिळा ठोकण्यासारखं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तो समोर उभा राहून विचारून राहिला, आवडलं का, आवडलं का. गळ्यात घातलं."

"आणि वजन?"

"कडीसकट वजन चुकतं," त्या चटकन म्हणाल्या. हे शास्त्राला धरूनच होतं. इतकी वर्षं त्यांना ते कारण पुरलं.

मग मुलगी मेधा व्हँकुव्हरहून मागे लागली, की आता एकटी राहू नकोस, इकडे कॉन्डोत ये. घर विकायचं ठरलं. नाण्यांचं काय, हा प्रश्न नलूताईंनी आधीच सोडवला होता. मॉन्ट्रियलच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सोलांज नावाच्या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. घरातली सगळी फ्रेंच चांदी कॉलेजला द्यायची आणि मुलांनी ती हातात घेऊन शिकायची, असा शब्द त्यांनी दिला होता. अट एक, प्रत्येक नाण्याचं वजन आणि कस कागदावर असला पाहिजे. यादी मी टाइप केली. एकसष्ट ओळी झाल्या. शेवटची ओळ त्यांनी स्वतःच सांगितली होती, ग्रो, एक. तिच्यापुढे वजनाची जागा रिकामी होती.

"ताई, ही ओळ काढून टाकू या," मी म्हटलं. "ते नाणं थोडंच आहे आता. दागिना आहे. कोण विचारणार आहे?"

पुढचा आठवडाभर त्यांचा फोन नाही, आणि नलूताई आठवडाभर गप्प ही काळजीची गोष्ट होती. शुक्रवारी फोन आला. "उद्या सोलांज पेटी न्यायला येऊन राहिली. तू लवकर ये. आणि येताना हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पात्याची करवत आण."

मी करवत घेऊन गेलो तेव्हा घर अर्धं खोक्यांत गेलं होतं आणि फर्नेस अर्थातच बंद होती. सोलांज आधीच पोचल्या होत्या, टेबलाशी कोट घालून बसलेल्या, पंचेचाळिशीच्या. नलूताईंनी गळ्यातली साखळी काढून टेबलावर ठेवली होती.

मी मराठीत म्हटलं, "ताई, करू नका. कशाला?"

"तू आधी ऐक," त्या म्हणाल्या. "खरं निघालं तर या पेटीत जाईल. शब्द दिलाय मी. खोटं निघालं तर वसंताला त्या माणसानं बनवलं, हे मी माझ्या हातानं सिद्ध केलं असं होईल. दोन्हीकडून माझंच नुकसान आहे, मला कळत नाही का?"

"मग तेच तर म्हणतोय."

"अरे, इतकी वर्षं दुसऱ्याला विचारून राहिले, वजन केलंस का. तुझ्या सासूला विचारलं, तुझ्या पोरीला विचारलं. आणि माझ्या गळ्यातलं तेवढं सोडून? मी काय फिलिप आहे?"

मी नाणं लाकडी चिमट्यात धरलं. करवत मी चालवतो म्हटलं तर त्यांनी हात बाजूला केला. "त्यानं लावलेली कडी आहे. मीच काढीन." डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं माहीत होतं. पातं नाण्याला कुठेही न लागता दोन-तीन मिनिटांत कडी सुटली आणि वर्तमानपत्रावर पडली. ती त्यांनी टिश्यूत गुंडाळून वसंतरावांच्या जाकिटाच्या खिशात टाकली. उरलेला डाग कानशीनं इतका हलका हलका घासला, की सोलांज पुढे वाकून बघत राहिल्या.

आधी कोरडं वजन. "चार पूर्णांक शून्य आठ," मी वाचलं. खऱ्या ग्रोचं साधारण तेवढंच असतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. सोलांजही समाधानानं "बों, बों" म्हणाल्या. नलूताईंनी नाण्याला नायलॉनचा दोरा चारी बाजूंनी बांधला, पाण्याचा ग्लास काट्याखाली सरकवला आणि नाणं हळूच आत सोडलं.

आता खरी चांदी असेल तर आकडा तीन पूर्णांक एकोणसत्तरच्या आसपास यायला हवा होता. तीन वर्षांच्या शनिवारांनी एवढं मला शिकवलं होतं. आकडा स्थिर झाला. तीन पूर्णांक बासष्ट.

एकच अंक बदलायचा होता. दोनाच्या जागी नऊ. काट्याचं तोंड माझ्याकडे होतं, सोलांज पलीकडे बसल्या होत्या आणि नलूताईंना आकडे दिसत नव्हते. वसंतराव खरे ठरले असते.

"मिलिंद, आकडा वाचायला किती वेळ?"

"तीन पूर्णांक सहा..."

"सहा. पुढे?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांच्या मधोमध त्यांना काही दिसत नसे, म्हणून मान जराशी तिरपी करून बघायच्या, तशा. मला खोटं बोलणं जमलं नाही. जमलं असतं तर त्या बाईंच्या शेजारी तीन वर्षं बसून मी काय केलं, असं झालं असतं.

"दोन," मी म्हटलं.

त्यांचे ओठ हलले. हिशेब तोंडी करायची त्यांची सवय होती. "पाण्याच्या आठ पूर्णांक सत्त्याऐंशी पट," त्या म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात. "चांदी असती तर दहाच्या वर हवं. तांबं आणि निकेल. वर मुलामा."

"थोडा डाग राहिला असेल ताई, त्यामुळे..."

"एवढा नाही राहत रे."

मग त्यांनी पाण्यातल्या नाण्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "वसंता, तुला बनवलं रे त्यानं. आणि तू केवढा खूश होतास." हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझे त्यांच्या आधीच भरले होते. सोलांजना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी नलूताईंच्या हातावर हात ठेवला.

थोड्या वेळानं सोलांज इंग्रजीत म्हणाल्या, "मादाम सबनीस, खोटं असलं तरी हे आम्हाला द्या. तुम्हीच लिहिलं होतं ना, खोटं नाणं हातात आल्याशिवाय मुलांना खरं ओळखता येत नाही म्हणून? उलट याचाच जास्त उपयोग होईल."

ते नलूताईंनी लिहिलं होतं, मीच टाइप केलं होतं. मी मनात म्हटलं, आता या देऊन टाकणार.

नलूताईंनी टेबलाचा खण ओढला आणि आतून एक पाकीट काढून सोलांजपुढे सरकवलं. "यात सहा खोटी आहेत. एकाहून एक आहेत, शिकवायला पुष्कळ झाली. सातवं माझं."

"पण आपलं ठरलं होतं, सगळं..."

"सगळी फ्रेंच चांदी, असं ठरलं होतं. यात चांदी आहे कुठे?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "ती एकसष्टावी ओळ खोडून टाक."

मी खोडली. साठ नाण्यांची पेटी सोलांजनी दोन्ही हातांनी उचलली, नलूताईंच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि जिना चढून गेल्या. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज खालपर्यंत आला. आयुष्यभराचा ठेवा दारातून गेला तरी नलूताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या काट्याखालच्या हुकावरून दोरा सोडवत होत्या. दोरा तोडला नाही, नाणं त्यातून काढलंही नाही. पाणी ठिबकत होतं ते तसंच शालीला पुसलं आणि दोऱ्याची दोन्ही टोकं मानेमागे नेऊन माझ्याकडे पाठ केली.

"बांध," त्या म्हणाल्या. "आणि गाठ नीट मार. सुटून कुठे पडलं तर दुसरं मिळायचं नाही."

मी गाठ मारली. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून तिच्यावर आणखी एक मारली.